खरे तास

"यंदा तास खरे लिहायचे," कारकून पडद्यावर नाक टेकेल इतका वाकून म्हणाला. "खरे म्हणजे खरे. मला बरं वाटावं म्हणून नकोत."

पडद्यावरच्या चार चौकोनांत अळीमिळी गुपचिळी झाली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चहाचा कप ओठांशीच धरून ठेवला. वायरमनने कान खाजवला. निवृत्त गणितमास्तर आवाज बंद ठेवून तावातावाने बोलत होते आणि ते त्यांना दर वर्षीप्रमाणे यंदाही कळलं नव्हतं. चौथ्या चौकोनातल्या भाषांतरवाल्या बाई उगाच कागद चाळत बसल्या.

कारकून तीस वर्षं नळखात्यात. बिलांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या, संध्याकाळी छत्री घेऊन घरी यायचं, असला माणूस. पण उरलेल्या वेळात त्याने एक मोठंच लचांड गळ्यात बांधून घेतलं होतं. पडद्यावरचा मजकूर आंधळ्या माणसाला वाचून दाखवणारा एक प्रोग्राम तो चालवायचा. त्याचं नाव 'वाचक'. त्याला मालक नाही, पगार नाही. कुणीही आत डोकवावं, बिघडलेलं सुधारावं, सवड असेल त्याने हात लावावा. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने तो थोरल्या बहिणीसाठी सुरू केला. ताईची नजर तिशीतच गेली होती आणि बाजारातले प्रोग्राम आपली भाषा वाचायचे ते तोंडात खडे धरल्यासारखे. 'वाचक' आला आणि ताईला इस्पितळात टेलिफोनच्या टेबलावर नोकरी लागली. पुढे अडीचशेवर माणसं तो वापरू लागली.

आता सहा महिन्यांनी इस्पितळातली सगळी संगणकाची मशीनं बदलणार होती. नव्या मशीनवर 'वाचक' चालत नव्हता. तो चालवायचा तर आतून अर्धाअधिक नव्याने लिहायला हवा होता. तो चालला नाही तर ताई त्या टेबलावर नुसती बसून राहणार आणि नुसतं बसून राहणाऱ्या माणसाला कोण किती दिवस बसवून घेतं?

तशी ही गोष्ट ऐनवेळी उपटलेली नव्हती. वर्षातून एका रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून वर्षभरात काय करायचं ते ठरवायचं, अशी यांची रीत होती. सगळ्यांना एकाच वेळी दिसणारं एक पान. डावीकडे काम, उजवीकडे नाव, आठवड्याला किती तास, आणि काही सांगायचं असेल तर त्यापुढे शेरा. "नव्या मशीनवर चालवणे" ही ओळ तीन वर्षं त्या पानाच्या डोक्यावर होती. पण भीड ही भिकेची बहीण! समोरची जागा रिकामी दिसली की प्रत्येकाला लाज वाटायची, आणि आपण "या की एकदा घरी" म्हणतो त्या सहजपणे जो तो आठ-नऊ तास टाकून मोकळा व्हायचा. मागच्या वर्षी पानावर चौपन्न तास जमले होते. वर्षभरात झालं काय, तर एका बटणाचा रंग बदलला.

"आंधळ्यांच्या प्रोग्रामात रंग?" ताई तेव्हा पोट धरून हसली होती. "कुणासाठी रे रंगवलंत?"

गेल्या आठवड्यात मात्र ती हसली नाही. ते पान तिच्या मशीनवरही उघडं असायचं आणि नवी अक्षरं पडली की 'वाचक' तिला ती आपणहून वाचून दाखवायचा.

"दरसाल तेच ऐकते मी," ती म्हणाली. "चौपन्न तास ऐकले आणि मला वाटलं, होतंय. पावसाळ्यात साहेब विचारत होते, तुमच्यासाठी दुसरी जागा बघू का, चौकशीच्या खिडकीवर बोलायचं काम आहे. मी म्हटलं, नको, माझा भाऊ करतोय. ती जागा भरली रे आता."

म्हणून कारकुनाने आज हा हट्ट धरला होता.

"मी आधी लिहितो," वायरमन म्हणाला. "एक. घरी जुळी झालीत हो. एकसुद्धा जास्तच होतोय."

डॉक्टरीणबाईंनी अर्धा लिहिला आणि कॅमेऱ्यापासून तोंड फिरवलं. भाषांतरवाल्या बाईंनी एक. मास्तरांनी झोकात दहा लिहिले, मग पुसले, आणि दोन लिहिले. त्यांचा आवाज एकदाचा चालू झाला.

"पण मला नवीन काही जमत नाही बरं का. जुनं तपासून देईन."

"साडेचार," वायरमन म्हणाला. "काम आहे आठवड्याला वीस तासांचं, तेही वर्षभर. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"पण तुम्ही आहात ना," डॉक्टरीणबाई कारकुनाला म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. "तुम्ही आहात म्हणून तर आम्ही एवढी वर्षं निर्धास्त."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कारकुनाला त्या डोलावलेल्या माना दिसल्या नाहीत. एका वेळी त्याला एकच चौकोन दिसायचा, तोही मधला तेवढा. दोन वर्षांपासून नजरेच्या कडा खाल्ल्या जात होत्या. नळीतून बघावं तसं तो प्रोग्रामची एकेक ओळ शोधायचा आणि ती सापडेपर्यंत आधीची विसरायचा. गेल्या उन्हाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी ताईच्याच आजाराचं नाव घेतलं. त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या साली पानावरच्या चौपन्नांतले वीस तास त्याचेच होते आणि त्यातला एकही खरा नव्हता.

ताई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. त्याने आपल्या नावापुढे बोट दाबलं. ०. मग शेऱ्यात लिहिलं: डोळे जात आहेत. बहिणीसारखेच.

शेजारच्या खोलीतून 'वाचक'चा आवाज आला. ताईने तो सगळ्यात जलद वेगावर ठेवलेला असायचा. ऐऱ्यागैऱ्याला तो नुसता किलबिलाट वाटावा. कारकुनालाही त्यातलं काही कळलं नाही. पण रिकामी बादली जमिनीवर आपटल्याचं त्याला ऐकू आलं. ती खाली आलेली होती.

डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"पहिली ओळ खोडू?" कारकुनाने विचारलं. कुणी हो म्हणालं नाही, नाही म्हणालं नाही. त्याने ती खोडली. मग दुसरी खोडली, तिसरी खोडली. एवढी वर्षं जपलेलं पान पाच मिनिटांत पांढरं झालं.

"एक तरी ठेवा हो," मास्तर म्हणाले. "निदान वापरणाऱ्यांना सांगू. एकेकाला फोन करून. अचानक मुकं झालेलं मशीन त्यांच्यापुढे नको."

"सगळ्या अडीचशेंना?" वायरमनने विचारलं.

"सगळ्यांना."

भाषांतरवाल्या बाईंनी ओळ लिहिली: बंद होण्याआधी प्रत्येकाला सांगणे. समोर चार नावं पडली. एक, अर्धा, एक, दोन. हे काम मात्र होणार हे सगळ्यांना कळत होतं. एकोणीस वर्षांत पानावरची अशी ती पहिलीच ओळ होती.

कारकून ताईच्या खोलीत गेला तेव्हा ती मशीनसमोर बसली होती. हात ओले होते.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं! म्हणजे साहेबांनी विचारलं तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

"मेल्या, तेव्हा बोलला असतास, तर ती खिडकी तरी माझी झाली असती. आता मी सहा महिन्यांनी जाऊ कुठे? आणि तू?"

"मला वाटलं होतं, होईल."

"तेच सगळे लिहितात," ताई म्हणाली.

तो उभाच राहिला. तिने हात पदराला पुसले, चाचपून शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्यावर थाप मारली.

"बस. डोळे मीट. पूर्ण मीट, लबाडी नको."

तिने त्याच्या दोन्ही हातांच्या तर्जन्या धरून कीबोर्डच्या दोन कळांवरच्या बारीक उंचवट्यांवर ठेवल्या. तिशीत तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, ती रडत रडत एकटी शिकली होती.

"ही तुझी जागा. हरवलास की इथे परत यायचं. आता ऐक."

मशीन भरधाव बोलून गेलं.

"काय म्हणालं?"

"नाही कळलं."

ती वेग कमी करू लागली. प्रत्येक खटक्याला मशीन आकडा सांगत होतं. नव्वद. सत्तर. पन्नास. एवढ्या हळू तिने ते कधीच ऐकलं नव्हतं.

"आता?"

"नाही, ताई."

"बरं," ती म्हणाली आणि तिने पुन्हा कळ दाबली. तीस.