मावशी घोरत नाही

घशाच्या डॉक्टरीणबाईंचा कान भलता तिखट. लोक माणसं चेहऱ्यावरून ओळखतात, ह्या घोरण्यावरून. झोपेत कुणाचा श्वास कुठे आणि कशानं अडतो, ह्यावर त्यांचं संशोधन. त्यासाठी त्यांनी घरोघरी एक चपटी डबी वाटली होती. रात्री उशाशी ठेवायची, सकाळी परत करायची, पुढे संगणक श्वासाचा आलेख काढतो. अर्धं गाव असं मोजून झालं, पण सख्खी मावशी काही हाती लागेना. आईच्या मागे ह्याच मावशीनं त्यांना लहानाचं मोठं केलेलं. हल्ली ती भाजी निवडता निवडता मान टाकायची, बोलता बोलता पेंगायची, आणि बाई धास्तावून तिचे श्वास मोजत बसायच्या. मावशीचं आपलं एकच पालुपद, मी घोरत नाही.

शेवटी रडून, भांडून, अबोला धरून बाईंनी डबी तिच्या गळ्यात मारली. सकाळी मावशी दवाखान्यात आली, डबी टेबलावर ठेवली आणि चहासुद्धा न घेता निघून गेली.

आलेख पाहिला आणि बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. बराच वेळ एकसुरी घरघर, मग एक जबरदस्त हिसका, आणि पुढे वीस मिनिटं सामसूम. श्वासच नाही. पुन्हा घरघर, पुन्हा हिसका, पुन्हा सामसूम. रात्रभर हेच. आता वीस मिनिटं श्वास न घेणारं माणूस सकाळी डबी द्यायला चालत येत नसतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण जिवाच्या माणसाची गोष्ट आली की पदव्या खुंटीला. मावशी फोन उचलेना. बाई तशाच सुटल्या, अंगात पांढरा कोट, एका पायात दवाखान्याची चप्पल आणि दुसऱ्यात स्वतःचा बूट.

मावशी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होती. बाईंनी आल्या आल्या तिची नाडी धरली, नखं पाहिली आणि तोंड उघडायला लावून बॅटरी मारली. आत मटाराचे चार दाणे सापडले. मावशी चिडली, हे काय नसतं खूळ म्हणून ओरडणार, तेवढ्यात तिच्या मागे काहीतरी घरघरायचं थांबलं, जबरदस्त हिसका बसला आणि सगळं शांत झालं.

बाईंनी कान टवकारले. त्यांनी हळूच मान वळवली. पेशंट कोपऱ्यात उभा होता, पांढरा, चौकोनी, डोक्यावर बरणी घेऊन.

"मावशी, तू डबी फ्रीजवर ठेवलीस?"

मावशीनं मटाराची पुढची शेंग उचलली. बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या संताप उसळला. त्या वाट्टेल ते बोलल्या. मी इकडे अर्धी मेले, आणि तू मला फ्रीजची नाडी बघायला लावतेस, असं बरंच काही. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि पदराला हात पुसले.

"तुझे काका कधी घोरलेच नाहीत गं," ती म्हणाली. "ती मी होते."

काकांचं घोरणं म्हणजे खानदानात गाजलेलं. कुणाकडे मुक्कामाला गेले की त्यांना कोपऱ्यातली खोली, पोरं त्यांची नक्कल करायची आणि ते स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसायचे. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मावशीच्या सासूबाईंनी विचारलं होतं, रात्री एवढा आवाज कुणाचा? आणि काकांनी मुकाट्यानं हात वर केला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे संन्यासीच हौसेनं फासावर चढला होता. आयुष्यभर त्यांनी ब्र काढला नाही. रात्री मावशीचा श्वास अडला की तेवढं तिला हलवून कुशीवर वळवायचे. ते जाऊन आता तीन वर्षं झाली होती. त्यांना आपण खोटं पाडायचं, हे काही मावशीला जमेना.

बाईंना रडू आवरेना. "अगं, पण आता तुला कोण हलवणार?"

त्या रात्री डबी उशाशी गेली. श्वास खरोखरच अडत होता, पण इलाज होण्यासारखा होता. नाकावर मुखवटा लावून झोपायचं, उशाशी छोटं यंत्र हवा फुंकत राहतं. आठवड्याभरात मावशीचं पेंगणं गेलं आणि ती पुन्हा पहिल्यासारखी सगळ्यांना टोमणे मारू लागली.

एकदा बाई तिच्याकडे बसल्या असताना शेजारीण वाटीभर साखर मागायला आली. तिला पलंगाजवळचं यंत्र दिसलं. तिनं विचारलं, हे हो काय?

"आमच्या ह्यांचं," मावशी म्हणाली. "फार घोरायचे ना."

शेजारणीनं चाचरत विचारलं, पण त्यांना जाऊन तर तीन वर्षं झाली.

"म्हणून काय टाकून द्यायचं? पडून राहिलं तर खराब होईल. मी चालू ठेवते रोज."

शेजारणीला काही ते पटेना. डॉक्टर म्हटल्यावर खरं सांगतील, ह्या आशेनं ती बाईंकडे वळली.

"काकांचंच आहे," बाई म्हणाल्या. "भयंकर घोरायचे."