औषध न मारलेलं घर

"मारा ना! बघताव काय नुसते?" नम्रता पावसकर दाराबाहेरून ओरडल्या. फ्लॅट त्यांच्याच मालकीचा होता, पण आत पाऊल टाकायची त्यांची तयारी नव्हती.

दीपक नागवेकर पाठीवर पंप अडकवून बेडरूममध्ये उभा होता. समोरच्या टेबलावर झाकणाला भोकं पाडलेला पारदर्शक डबा होता आणि डब्यात कोळी. भिंतीवर दिसतो आणि झाडूने जातो, तसला नव्हे. हा तळहाताएवढा, काळा, गुडघ्यांवर केशरी पट्टे असलेला आणि अंगभर केस असलेला होता. टॅरँटुला म्हणतात, एवढं दीपकला मोबाइलच्या कृपेने ठाऊक होतं.

"भाडेकरूचा हा," नम्रतावहिनी सांगत होत्या. "ऋत्विक म्हणून पोरगा. जयगडच्या बंदरात होता कामाला. बदली झाली, विमानात घेत नाहीत म्हणे, तर हा माझ्या डोक्यावर ठेवून गेला. म्हणतो, काकू, कोणाला तरी देऊन टाका. आता हा काय हळदीकुंकवाला वाटायचा?"

दीपकने नळीचं तोंड डब्याकडे वळवलं. कोळ्याने पुढचा एक पाय सावकाश वर केला. वर्गातल्या पोराने बाहेर जायला परवानगी मागावी तसा. आणि तिथेच थांबला.

पळाला नाही. तीस वर्षं दीपक रत्नागिरीत घरोघर जाऊन औषध मारत होता आणि त्याला बघून सगळे पळूनच जायचे. झुरळं पळायची, पाली पळायच्या, घरमालकसुद्धा चार तासांसाठी नातेवाइकांकडे पळायचे. आपल्यासमोर इतका वेळ कोणी थांबल्याचं त्याला आठवेना.

"वहिनी, ह्याला आपलं औषध चालणार नाही," तो म्हणाला. "परदेशी आहे."

ही थाप होती. पण परदेशी म्हटलं की रत्नागिरीत चौकशी थांबते.

"मग घेऊन जा एकदाचा. ती काचेची पेटीपण न्या. नवी आणलेलीन त्याने, त्याचं घर करायला."

दीपकने घरी आल्यावर ऋत्विकला फोन लावला. पोरगा भलताच खूश झाला. "काका, ती आहे, तो नाही. माझीपण पहिलीच. एकदम सोपं आहे. पेटीत खाली नारळाच्या सोडणांचा, म्हणजे काथ्याचा भुसा घाला, चांगला वीतभर. लपायला अर्धी करवंटी. पाण्याला बाटलीचं झाकण. खायला आठवड्याला एक-दोन झुरळं, जिवंत. हात लावायचा नाही. फक्त एक बघा, भुसा काय, झुरळं काय, जिथे कीटकनाशक मारलंय तिथलं अजिबात नको. वासानेसुद्धा मरते. तुम्ही काय करता, काका?"

"पेस्ट कंट्रोल."



"काका," ऋत्विक घाईघाईने म्हणाला, "पेटी तयार होईपर्यंत तिला घराबाहेर ठेवा, प्लीज."

दीपकने डबा मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली स्टुलावर ठेवला आणि घराकडे बघत उभा राहिला. घर चांगलं होतं. चिऱ्याचं, दोन खोल्या, पडवी. पडवीच्या टोकाच्या खोलीत तीस वर्षांचे डबे, कॅन आणि पंप होते. घरात मुंगी नव्हती. कोकणातल्या घरात मुंगी नसणं म्हणजे मुंबईत माणूस नसण्यासारखं. गिऱ्हाइकांना तो अभिमानाने सांगायचा, माझ्या घरी येऊन बघा. गुणवंती होती तोवर.

गुणवंती त्याची बायको. त्याचे कपडे तीच धुवायची, पंप तीच विसळायची, घाईच्या दिवसांत बादलीत औषध कालवून द्यायची, तेही तोंडाला पदर लावून, कारण मास्क एकच होता आणि तो धंद्यावर जायचा. सात वर्षांपूर्वी ती रक्ताच्या कसल्याशा आजाराने गेली. दीपकने डॉक्टरांना कारण विचारलं होतं. ते म्हणाले, "असं नेमकं सांगता येत नाही." बाराव्याला तिची थोरली बहीण सखू आली. जेवण झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "भावोजी, औषधं ठेवताव खंय?" त्याने पडवीच्या टोकाला बोट दाखवलं. त्या दिवसानंतर सखू त्या घराची पायरी चढली नाही.

डॉक्टरांना नेमकं सांगता आलं नव्हतं. कोळ्याला कदाचित येईल, असं पेरूखाली उभ्या दीपकच्या मनात आलं. ह्या घरात एक जीव जगला, तर मग झालं. मग तिच्या जाण्याला दुसरं काहीतरी कारण असणार. माणसांना हजार कारणं असतात.

तो सामान जमवायला निघाला, पण सामान काही जमेना. सोडणं त्याच्याच घरात ढीगभर होती, पण ती डब्यांच्या खोलीत. नर्सरीत भुशाच्या विटा मिळत, पण नर्सरीत दर महिन्याला तोच फवारायचा. बाजारातल्या हॉटेलांत झुरळं होती, पण त्याच्या औषधानंतरही तिथे टिकलेली झुरळं कोणत्या अवस्थेत असतील, ते त्याला पक्कं माहीत होतं. शाळा, दवाखाना, बँक, देवळाचा भक्तनिवास, सगळीकडे त्याचाच हात फिरला होता. अख्ख्या गावात असं एकच घर त्याला आठवलं जिथे त्याला कोणी पंप नेऊ दिला नव्हता, आणि तेही गावाबाहेर होतं. जयगड रस्त्याला, चाफे गावाच्या पुढे, सखूचं.

सखू खळ्यात कुळीथ पाखडत होती. अडुसष्टची बाई, पण त्याला बघूनही सूप काही थांबलं नाही.

"आक्का, एक काम होतं."

"बोला."

"झुरळं हवी होती."

सूप थांबलं. "काय?"

"झुरळं. जिवंत. आणि थोडी सोडणं."

"सात वर्षांनी आलाव. हातात केळं नाय, नारळ नाय. आणि मागताव काय, तर झुरळं!" सखूने सूप खाली ठेवलं. "बाजारात संपली काय?"

"बाजारात आहेत. पण तुमच्याकडे औषध मारलेलं नाही."

सखूने पदराला हात पुसले. ती काहीतरी जोरदार बोलणार, ह्या तयारीने दीपकने मान खाली घातली. पण ती नुसतं "हां" म्हणाली. "ते नाय मारलेलं."

मग त्याने कोळ्याचं सगळं सांगितलं. सखूने पदर खोचला, भाताच्या कणगीमागे हात घातला आणि मसाल्याची रिकामी बरणी भरून आणली. "ही घ्या. दणदणीत हायत. आमच्या घरची."

"उपकार झाले."

"उपकार कसले? न्या आणखी. तुम्हांला नाय म्हणायला काय सोनं नाय मागताव." मग पाठमोरी होत ती म्हणाली, "तिला घरात ठेवणार?"

"आधी ट्रायल घेतो."

ट्रायल हा धंद्यातला शब्द. नवं औषध आलं की आधी एका खोलीत मारून बघायचं. दीपकने तसंच केलं. दुपारभर पेटी साबणाने घासली, उन्हात वाळवली. सखूकडची सोडणं पेरूखाली बसून पिंजली, भुसा वीतभर थापला, करवंटी पालथी घालून तिला दार पाडलं, झाकणात पाणी ठेवलं. नवे हातमोजे घातले होते. घर छान झालं. लग्न झाल्यावर गुणवंतीसाठी त्याने एवढं काही केल्याचं त्याला आठवलं नाही. तेव्हा भिंतीला चुना मारला होता, एवढंच.

पेटी त्याने डब्यांच्या खोलीपासून लांबात लांब, माजघरातल्या कोनाड्यात ठेवली. कोळी बाहेरच राहिली. पेटीत झुरळं सोडली. ती भुशावरून तुरुतुरु धावली, करवंटीत शिरली, बाहेर आली. निरोगी झुरळ कसं दिसतं ते बघत दीपक बराच वेळ उभा होता. धंद्यात तशी संधी येत नाही.

सकाळी त्याने पेटीवरचा कपडा काढला. सगळी झुरळं भुशावर उताणी पडली होती, पाय आकाशाकडे. एक करवंटीच्या दारात होतं. बाहेर यायचं होतं की आत जायचं होतं, कळायला मार्ग नव्हता. दीपकने नाकाने खोल श्वास घेतला. वास कसलाच आला नाही. त्याला तो कित्येक वर्षं येतच नव्हता.

त्याने चहा केला नाही. पेटी बाहेर काढली, भुसा फेकला, पेटी धुतली आणि कोळ्याचा डबा आणि पेटी स्कूटरवर बांधून तो चाफ्याच्या रस्त्याला लागला.

सखू चुलीशी होती. दारात त्याला बघून बाहेर आली.

"मेली?"

"झुरळं मेली. ही अंगणात होती, म्हणून राहिली."

"काय मारलेलं तुम्ही?"

"काहीच नाही. नुसतं घर."

सखू पायरीवर बसली. सात वर्षं जे वाक्य तिने सांभाळून ठेवलं होतं, ते बोलायची आता गरज उरली नव्हती, आणि गरज नसलेल्या वाक्याचं काय करायचं, ते तिलाही समजेना. आतून भात उतू जाण्याचा वास आला. ती उठली नाही.

"एका रात्रीत," ती म्हणाली.

"हो."

मग तिने हात पुढे केले. "द्या इकडे. तुम्ही नका आत आणू. मी ठेवते."

दीपक खळ्यातच थांबला. सखूने स्वयंपाकघराच्या फळीवर पेटी मांडल्याचा, सोडणं तोडल्याचा आवाज त्याला येत होता. तो बाहेरून एकेक सांगत होता: करवंटी पालथी, पाणी झाकणात, हात लावायचा नाही. ती आतून "कळलं, कळलं" म्हणत होती.

"बाय गो, किती केस हिला," ती बाहेर येत म्हणाली. "जगते किती?"

"पोरगा म्हणतो, बाई असली तर वीस वर्षं सहज."

"वीस वर्षं." सखूने हाताला लागलेला भुसा झटकला. "म्हणजे माझ्यानंतर बघायचं कोणी?"

"मी बघेन."

"ठेवाल खंय?"

दीपकने स्कूटरची किल्ली खिशात शोधली. ती हातातच होती.

दुपारी त्याने टेम्पो बोलावला आणि तीस वर्षांचे डबे एमआयडीसीतल्या एका बंद गाळ्यात हलवले. मग खिडक्या उघडल्या. दोन उघडत नव्हत्या, त्या पहारीने उघडल्या. कपाटं बाहेर काढली. भिंती सोड्याच्या पाण्याने घासल्या, जमीन घासली, परत घासली. बाजूचे लोक विचारत होते, दीपकराव, रंग काढताय का? तो म्हणाला, हो, तसंच काहीतरी.

संध्याकाळी मूठभर साखर त्याने उंबरठ्यावर एका रेघेत टाकली, अंगणात खुर्ची मांडली आणि मुंग्यांची वाट बघत बसला.