धाकट्याची उचल

अण्णाजींनी काठीचं एक टोक हातातून सोडलंच नाही. दुसरं टोक धरून गावचा सुतार, रूपराव खाती, उकिडवा बसला होता आणि एक डोळा मिटून, गाडीचा आस तपासावा तशी नजर काठीच्या अंगावरून पार अण्णाजींच्या पोटापर्यंत नेत होता.

"सोडा ना बावा," तो म्हणाला. "पळून नाई जाऊन राह्यलो मी."

"पाहाले डोये लागते. हात कायले पायजे?"

अण्णाजींचा धाक अगदीच खोटा नव्हता. समोर आलेली वस्तू उघडून पाहिल्याशिवाय रूपरावाला अन्न गोड लागत नसे, हे अख्ख्या पुलगावाला ठाऊक होतं. मेहुण्याची बाजाची पेटी त्यानं अशीच 'आत सूर कुठं राह्यते' म्हणून उघडली होती. ती पुन्हा काही वाजली नाही. रामबाई, म्हणजे रूपरावाची बायको, आता त्या पेटीत कांदे ठेवायची आणि भाऊ आला की वरून चादर टाकायची.

काठी होती बिलियर्डची. वरचा भाग फिक्कट लाकडाचा, खालची मूठ काळीभोर. आणि जिथं काळं संपून फिक्कट सुरू व्हायचं तिथं सरळ सांधा नव्हता. चार लांब काळ्या जिभा फिक्कट लाकडात वर चढत गेल्या होत्या, निमुळत्या होत होत टोकाशी गोलसर झालेल्या. चारातली एक किंचित आखूड. रूपरावानं नख फिरवून पाहिलं. नख कुठंच अडलं नाही.

"आयला! हे आत घातलं कसं असन?"

"थेच त तुले इचारून राह्यलो. जमते का अशीच दुसरी?"

"जमते," रूपराव म्हणाला. कसं जमतं याचा त्याला काडीचाही पत्ता नव्हता.

ही एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. साहेब लोकांचा क्लब बंद पडून जमाना झाला होता. त्या क्लबात अण्णाजी आणि त्यांचा धाकटा भाऊ किसनराव, दोघंही मार्कर होते. हिरव्या टेबलाजवळ उभं राहून गुण मोजायचे, काठ्यांना खडू लावून द्यायचे, नवख्या साहेबाला खेळ शिकवायचा आणि शिकला की त्याच्याशी बेतानं हरायचं. शेवटचा साहेब विलायतेला निघाला तेव्हा आपली काठी त्यानं दोघांच्या मधोमध धरली आणि म्हणाला, ही तुम्हा भावांची. साहेब गेला. काठी थोरल्याच्या घरी राहिली. पुढं भावांच्या वाटण्या झाल्या. वावर, बैल, भांडी, सगळं एका दुपारीत, आवाज न चढता वाटलं गेलं. काठीचा विषय कुणी काढला नाही. किसनराव बायकोच्या माहेरी, रोहण्याला जाऊन राहिला.

आता इतक्या वर्षांनी त्याचा निरोप आला होता. बायको गेल्यापासून घरात एकटाच असतो, अखाजीचा सण झाला की येतो. काठी आता मले पायजे.

"त देऊन टाका ना," रूपराव म्हणाला.

अण्णाजींनी काठी छातीशी घेतली. "देऊ? अन् मी काय पाहू सकाळी उठून?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आपला रिवाज तुले मालूम हाय. वाटे थोरल्यानं पाडावे, उचल धाकट्यानं करावी. मी दोन वाटे पाडतो. एक हे, अन् एक तू करशीन थे. तो उचलन."

"अन् त्यानं खरीच उचलली त?"

"म्हनून त तुह्याकडं आलो. अशी बनव का नवीच जास्त जुनी दिसली पायजे."

रूपरावाला यातलं पाप दिसायला हवं होतं. दिसलंही असेल. पण त्याआधी त्याला त्या चार काळ्या जिभा दिसत होत्या. रामबाईला मात्र जिभाबिभा काही दिसल्या नाहीत.

"सख्ख्या भावाले फसवाचं काम घरात आनलं तुमी," ती म्हणाली. "लाज नाई वाटत?"

"फसवत अण्णाजी हाय. मी फक्त काठी करून राह्यलो."

"हो, हो. अन् चोराची शिडीबी सुतारच बनवते."

लाकडाची अडचण नव्हती. मोडीत निघालेल्या दमणीचा, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीचा, धामणीच्या लाकडाचा दांडा परसात पडून होता; किती उन्हाळे खाल्लेला, हलका, वाकवला तर वाकून पुन्हा सरळ होणारा. मुठीसाठी तेंदूच्या म्हाताऱ्या खोडाचा काळा गाभा मिळाला. अण्णाजी रोज सकाळी काठी घेऊन यायचे, निंबाखाली बाजेवर बसायचे आणि संध्याकाळी काठीसकट घरी जायचे. काठी काही रूपरावाकडे मुक्कामाला राहिली नाही.

पहिल्या काठीत रूपरावानं धामणीला चार खाचा कोरल्या आणि तेंदूच्या चार जिभा तासून त्यात बसवल्या. जवळजवळ जमलं. कडांना केसाएवढी फट तेवढी राहिली. मग त्यानं तेच केलं जे त्याच्या बापानं, आज्यानं केलं असतं. गाडीचं चाक ढिलं झालं की नाल्यात बुडवून ठेवायचं, लाकूड फुगतं, सांधा आवळतो. हे खात्याच्या घरात वेगळं शिकवावं लागत नाही. त्यानं काठीला ओलं पोतं गुंडाळलं आणि ती पाण्याच्या नांदीजवळच्या चिखलात निजवली. दुसऱ्या दिवशी पोतं सोडलं तर फटी खरंच मिटल्या होत्या. काठी मात्र विळ्यासारखी वाकडी.

रामबाईनं हसून पदर तोंडाला लावला. "घ्या! याच्यानं खेयलं त गोटी घुमून आपल्याच घरी येईन."

अण्णाजी हसले नाहीत. "अखाजी जवळ आली, रूपराव."

त्या दुपारी ऊन असं होतं की निंबावरचे कावळेही चोच वासून बसले होते. अण्णाजींना बाजेवर डुलकी लागली. काठी त्यांच्या मांडीवरून हळूच घसरली आणि रूपरावाच्या पायाशी आली. त्यानं ती उचलली. जिभा जिथं सुरू होतात तिथं फक्त एक काप. दोन बोटांचा. आतलं सगळं कळलं असतं. त्याचा हात करवतीकडे गेला, आणि घरातून रामबाई खोकली. तिला खोकला नव्हता.

रूपरावानं काठी परत म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली. हात रिकामे राहवेनात म्हणून कानामागची पेन्सिल काढली आणि पटाशीनं चिडून तासू लागला. सहा कोनांची लाल पेन्सिल. पेन्सिल गोल फिरवत दहाबारा फटकारे मारले आणि तो थांबला. पेन्सिल डोळ्यांजवळ नेली. लाल रंग संपून जिथं उघडं लाकूड सुरू झालं होतं, तिथं प्रत्येक बाजूवर रंगाची एक एक गोल कमान उमटली होती. सहा बाजू, सहा कमानी. त्यानं एकही कोरली नव्हती.

"रामे!" तो असा ओरडला की अण्णाजी दचकून काठी चाचपू लागले. "कोनं कोरल्याच नाई ह्या! ह्या आपोआप येते!"

"काय येते?"

"जिभा! आधी सपाट, मंग गोल! बाप्पा रे बाप्पा, मी गोल लाकडात खाचा पाडत बसलो!"

त्यानं धामणीच्या दांड्याचं खालचं टोक चारी बाजूंनी उतरतं, सपाट तासलं. त्या चार उतारांवर तेंदूच्या चार फळ्या सरसानं चिकटवल्या आणि दोरीनं आवळून सुकू दिल्या. दोरी सोडली तेव्हा ते एखादं ओबडधोबड मुसळ दिसत होतं. मग रंधा चालू लागला. कोपरे गेले, अंग गोल होत आलं, आणि काळं पातळ होता होता फिक्कट लाकडात एक जीभ वर सरकली. मग दुसरी. रूपराव रंधा मारायचा, थांबायचा, बघायचा, पुन्हा मारायचा. रामबाईही पोळ्या टाकून येऊन उभी राहिली. "सुंदर होऊन राह्यली," ती म्हणाली आणि मग काठी कशासाठी आहे ते आठवून चुलीकडे परत गेली.

एका जिभेवर त्यानं रंधा मुद्दाम जास्त फिरवला, ती किंचित आखूड झाली. मग जवसाचं तेल चोळलं, चुलीचा धूर दिला. दोन्ही काठ्या शेजारी ठेवल्या तेव्हा अण्णाजी एकीवरून दुसरीवर नजर फिरवत राहिले. त्यांनी खरीला हात घातला, थबकले, आणि वास घेऊन खात्री केली.

अखाजीनंतर किसनराव आला. उंच, वाळलेला, पांढरी टोपी, हातात पिशवी. ओसरीवर चादर अंथरून दोन्ही काठ्या ठेवल्या होत्या. वाटणीला बाहेरचा एक माणूस लागतो म्हणून रूपरावाला बसवलं होतं.

"एक साहेबाची हाय, एक रूपरावनं केलेली," अण्णाजी म्हणाले. लपवाछपवी त्यांनी केली नाही, एवढं मानायला हवं. "वाटे म्या पाडले. उचल तुही."

किसनरावानं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा रूपरावाकडे. खाली बसून त्यानं नव्या काठीवर हात ठेवला. ती बोटावर तोलली, खाली ठेवली. मग जुनी घेतली. तिला वर उचललं, मूठ धरली, डाव्या हाताची कमान करून त्यातून काठी मागेपुढे सरकवली. इतक्या वर्षांत हात काही विसरला नव्हता.

त्यानं जुनी काठी खाली ठेवली आणि नवी उचलली.

"हे घेतो, दादा."

रूपरावाच्या अंगातून आनंदाची एक लहर गेली. आपली काठी निवडली गेली होती. लगेच त्याला स्वतःचीच शरम वाटली. अण्णाजी "चहा ठेवा रे" असं जरा मोठ्यानंच घरात ओरडले.

रोहण्यावरून जाणाऱ्या आर्वीच्या छोट्या गाडीपर्यंत रूपराव किसनरावाला पोचवायला गेला. राहवलं नाही म्हणूनच गेला. फलाटावर त्यानं विचारून टाकलं.

"किसनराव, खरं सांगा. तुमाले ओळखू आली होती ना?"

किसनराव काठीवरच्या आखूड जिभेवरून अंगठा फिरवत होता. "काठीवरून नाई आली. तुमी कसर ठेवली नाई काही."

"मंग?"

"म्या काठीकडं पाह्यलंच नाई. दादाकडं पाह्यलं. मंग घेतली त्या काठीले हात लावला त त्याचा श्वासच अटकला. खाली ठेवली तवा सुटला."

"अन् तरी थे सोडली? काऊन?"

इंजिनानं शिटी दिली. किसनरावानं आधी काठी खिडकीतून आत घातली, मग स्वतः चढला. "थे नेली असती त दादा माह्या दारात पाय ठेवत नव्हता," तो म्हणाला. "काठी भितीले टांगली असती रूपराव, पन बोलू कोनासंग?"

रूपराव परतला तेव्हा अण्णाजी ओसरीवरच होते, जुनी काठी मांडीवर आडवी घेऊन. चेहरा उजळला होता.

"पाह्यलं? हातात घेऊन सोडली! लेकाचा मार्कर होता म्हने. नाई ना ओळखली?"

रूपरावाला हो म्हणणं सोपं होतं.

"ओळखली," तो म्हणाला. "तुमच्या तोंडावरून ओळखली." आणि फलाटावरचं सगळं, शब्दाला शब्द, सांगून टाकलं.

अण्णाजींची मान खाली गेली. त्यांनी मांडीवरच्या काठीकडे पाहिलं, मग अंगणाकडे. घरातून कुणीतरी येऊन चहाचे कप उचलून नेले.

"तसाबी मी कुठं जातो त्याच्याकडं," ते म्हणाले. "त्याच्या बायकोच्या तेरवीले गेलतो. त्याच्यानंतर नाई."

रूपराव जायला उठला तसं अण्णाजींनी मागून विचारलं,

"छोटी गाडी सकाळी असते ना?"

"असते."

"मंग उद्या इकडून येजो. मले डब्यात चढाले हात लागते." एवढं बोलून अण्णाजी काठी टेकत उठले आणि तिला गुंडाळायला एखादं जुनं धोतर आहे का, ते शोधायला आत गेले.