कोरडं बेसिन

सुधीर घाग द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर होता. शिडीवरून घसरला आणि उजव्या पायाची नळी मोडली. हाड आतल्या आत मोडलं होतं, कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता. ही एकच गोष्ट त्याच्या बायकोने, मंजुषाने, पुढे इतक्या जणांना सांगितली की ती बोलायला लागली की लोक मान हलवायला लागायचे.

हॉस्पिटल खाजगी होतं, चकचकीत, लॉबीत कॉफीचं दुकान. सर्जन डॉ. वरद केळुसकर म्हणाले होते, "रॉड टाकू. चार दिवसांत घरी."

सातव्या दिवशी ताप भरला. नवव्या दिवशी टाक्यांतून पू आला. अकराव्या दिवशी पुवाचा रिपोर्ट हातात पडला.

मंजुषा नेरूळच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. रिपोर्ट तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. जंतूचं नाव वर, खाली सोळा अँटिबायोटिक्स, आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. पंधरा औषधांपुढे आर. म्हणजे हे औषध या जंतूचं काही बिघडवू शकत नाही. सोळावं तेवढं चालणारं होतं, आणि ते किडनी खातं हे तिला माहीत होतं.

"हा जंतू आला कुठून?" तिने केळुसकरांना विचारलं.

"मॅडम, त्यांना डायबेटिस आहे. अशा पेशंटना होतं. आणि हा प्रॉब्लेम आता जगभर आहे. लंडनला जा, न्यूयॉर्कला जा, सगळीकडे हेच."

"सुधीर लंडनला नव्हता, डॉक्टर. तुमच्या सात नंबरच्या बेडवर होता."

"पेशंट बाहेरूनही जंतू घेऊन येतात."

"कातडीवर ओरखडा नव्हता."

"आपण नंतर बोलू," म्हणून ते पुढच्या बेडकडे वळले. वळता वळता त्यांनी सुधीरच्या पायाची पट्टी दाबून पाहिली, आणि त्याच हाताने आठ नंबरच्या माणसाच्या पोटाला हात लावला.

त्या क्षणापर्यंत मंजुषा घाबरलेली होती. त्यानंतर ती घाबरली नाही.

दुपारी ती वॉर्डाच्या दाराशी हात धुवायला गेली. बेसिनच्या वर हात धुण्याच्या पायऱ्यांचं रंगीत पोस्टर होतं. नळ फिरवला. काही आलं नाही. शेजारची सॅनिटायझरची बाटली दाबली, ती फुसफुसली.

करावे गावातली राहीबाई फरशी पुसत होती. तिने वर न बघताच सांगितलं, "पानी नाय त्याला, ताई. आठ दिस झालं. पाइप फुटलाय मागं."

"कोणाला सांगितलं नाही?"

"सांगून सांगून दमलू. सिस्टर पन सांगतंय. आमचं कोन आयकतंय?"

पाच नंबरच्या बेडवर तळोज्याकडचे कोंडिबा होते, सत्तरीतले, खुब्याचं हाड बसवायला आलेले. त्यांच्या सुनेने, राजलक्ष्मीने, कालच विचारलं होतं की सासऱ्यांच्या जखमेला इतका वास का येतो. आता मंजुषाने त्यांची फाइल मागून घेतली. तोच जंतू. तेच पंधरा आर.

"मला म्हणाले, वय झालंय, जखम भरायला वेळ लागतो," राजलक्ष्मी म्हणाली.

संध्याकाळी सुधीरला सलाइन लावलेलं असताना मंजुषा त्याच्या उशाशी बसली आणि स्वतःवरही चिडली. दर सर्दीला कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून तीन गोळ्यांची पट्टी तीच आणायची. दोन गोळ्यांत बरं वाटलं की तिसरी फ्रीजवर पडून राहायची. बारावीच्या मुलांना मात्र ती फळ्यावर लिहून द्यायची, कोर्स पूर्ण करा. पण तिच्या फ्रीजवरच्या गोळ्यांमुळे पाच आणि सात नंबरला एकच जंतू झाला नव्हता. तो कोणाच्या तरी हातावर बसून आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडच्या आधी तिने खालून पाण्याचा वीस लिटरचा जार आणवला, वॉर्डाच्या दारात स्टुलावर ठेवला, शेजारी साबण, खाली बादली. आणि दारात उभी राहिली.

केळुसकर चार ज्युनियर घेऊन आले. "हे काय?"

"हात धुवा आणि आत जा."

"मॅडम, हा तमाशा आहे. बाजूला व्हा."

"तुमच्या नळाला आठ दिवस पाणी नाही. तुम्ही काल याच हाताने दोन पेशंट तपासलेत, मी बघत होते. धुवा."

"सिक्युरिटीला बोलवा," ते सिस्टरला म्हणाले.

सिस्टर अस्मिता जागची हलली नाही. वॉर्डातली इन्फेक्शन बघायची जबाबदारी तिची होती. ती म्हणाली, "सर, मी तीन वेळा मेल केलाय. पाण्याचा, ग्लोव्हजचा, आणि महिन्यात सहा पेशंटना हाच जंतू निघाला त्याचा. मला सांगितलं, मेलवर असलं लिहायचं नसतं."

सहा. मंजुषाला दोनच माहीत होते.

मग एका ज्युनियर मुलीने बाह्या वर केल्या आणि साबण उचलला. तिच्या मागे दुसऱ्याने. केळुसकरांनी शेवटी हात धुतले, मंजुषाकडे न बघता.

नळाला त्याच दिवशी पाणी आलं. आठ दिवस न झालेलं काम दोन तासांत झालं, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

कोंडिबा चार दिवसांनी गेले. कागदावर कारण लिहिलं, हृदय बंद पडलं. सुधीरचं हाड सडत गेलं. सोळाव्या औषधाने ताप उतरवला आणि किडनी अर्धी केली. शेवटी जीव वाचवायला गुडघ्याखाली पाय कापला. अस्मिताला 'बदल म्हणून' रिसेप्शनला बसवलं.

डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं, मधुमेहामुळे जखम चिघळली. मंजुषाने कागद परत केला. "इन्फेक्शन हॉस्पिटलमध्ये झालं, असं लिहा. तोवर आम्ही बेड सोडत नाही."

"मंजू, सोड आता," सुधीर म्हणाला. "घरी जाऊ."

"तू झोप," ती म्हणाली.

दोन दिवसांनी ती ओळ लिहून मिळाली.

पुढच्या आठवड्यात मंजुषा तो कागद घेऊन तळोज्याला राजलक्ष्मीकडे गेली. मेडिकल कौन्सिलकडे दोघींनी मिळून तक्रार द्यायची, असं तिने सांगितलं. राजलक्ष्मीने सासऱ्यांची फाइल कपाटातून काढली.

"काही होईल का याने?"

"माहीत नाही. ते म्हणतील जगभर होतं."

राजलक्ष्मीने रिपोर्टचं पान शोधून वर ठेवलं आणि पेन मागितलं.