हातावर दोन रुपये

पयले हे सांगून टाकतो, मी भेकड बाई हाय. लोक म्हनते, जिजाबाई तिखट, जिजाबाई कोनाच्या बापाले भेत नाई. सारं झूट हाय. तोंड चालते म्हनून भेव नसते असं थोडंच हाय? तीस साल मी गावातली बाळंतपनं केली, अन् दर खेपेले भेत भेतच आत गेली.

आमचं गाव रोहण्यापासून दोन कोसावर. दसऱ्याले आमी सारे नागपूरले गेलतो, दीक्षा घेतली, अन् परत आल्यावर वस्तीत बैठक झाली. मेलेलं ढोर ओढनं बंद. सनासुदीले दारोदार भाकर मांगनं बंद. मंग माहा लेक प्रेमदास उभा राह्यला अन् म्हने, "सुईनपन बी बंद. करायचंच असन तं माय, दोन रुपये घेऊन करजो. अगुदर घेजो, कामाच्या पयले. अन् हातात घेजो."

मले हासूच आलं. म्हनलं, "बापा, तुह्या आजीनं तरी पाह्यले का कधी सुईनपनाचे रुपये?"

पयले कसं होतं ते सांगतो. बाळंतपन झालं का पाटलीनबाई उंबऱ्याच्या बाहीर सूपभर जवारी ठेवे. पोरगा झाला तं दोन सुपं, अन् वरून एखादं जुनं लुगडं दुरून फेके, ते मले पदरात झेला लागे. लेकरू जगलं तरी जवारी, मेलं तरी जवारी. माय मेली तरी अर्धं सूप तं कुठी गेलं नाई. माहा हात त्याइच्या सुनेच्या अंगात मनगटापर्यंत जाये, ते चाले. त्याच हातावर पैसा ठेवाले मात्र विटाळ होये. मले बी त्याचं कधी काई वाटलं नाई. आपलं नशीब समजून मी जवारी घरी आनत होती अन् दळत होती.

माघ महिन्यातली गोष्ट. दिवस बराच वर आलता. लक्ष्मणराव पाटलाचा गडी डोमाजी धावतच वस्तीत आला.

"जिजाबाई, चाल लवकर. कोकिळा अडून राह्यली. पहाटपासून वरडून राह्यली."

कोकिळा म्हनजे पाटलाची सून. अठरा-एकोनीस वर्साची पोट्टी, पयलीच खेप. दीक्षा घेतल्यापासून पाटलानं आमच्या एकाही बाईले कापूस येचाले बोलावलं नोतं. चार महिने झाले होते. चुली कशा पेटत होत्या ते आमचं आमाले मालूम. अन् आता गरज पडली तं धावत गडी आला! मले राग आला, अन् रागाच्या खालून भेव बी आलं. गेली अन् काई इपरीत झालं तं? नाई गेली अन् पोट्टी मेली तं? दोन्हीकून मरन वस्तीचंच होतं.

प्रेमदास दारात उभा होता. "जा माय," म्हने, "पन पैसे बोलजो."

पाटलाच्या आंगनात पोचली तं आतून कोकिळाचा आवाज आयकू आला. पाटील बाजीवर बसेल होते, तिचा नवरा भिंतीले टेकून उभा होता. रुख्माबाई पाटलीन दारात आल्या. "आली का जिजे? जा, न्हानीतून हात धू अन् आत हो."

मी जागची हालली नाई. म्हनलं, "पाटलीनबाई, आता जवारी नाई घेत आमी. दोन रुपये लागतीन."

पाटील म्हने, "काय म्हनली?"

"दोन रुपये. अगुदर. अन् हातात."

आतून पोट्टी "माय वं, मेली वं" करून राह्यली, अन् मी बाहीर भाव करून राह्यली. माही मलेच लाज वाटली. सुईन हाय का कसाई, असं मनात आलं. त्याइनं नाई म्हनलं असतं तं मी परत गेली असती का? लोक इचारते. मले आजही सांगता येत नाई.

रुख्माबाईनं कमरेची पिशवी सोडली. दोन रुपये काढले. मी हात पुढं केला तं तिनं वरून, इतभर उंचीवरून सोडाले हात धरला. मी हात मागं घेतला.

"वरून नाई, पाटलीनबाई. हातावर."

तिचे डोये लाल झाले. पाटील उठून उभे राह्यले. मले वाटलं, आता पडते काठी. तितक्यात कोकिळानं अशी किंकाळी फोडली का रुख्माबाईचा हात आपोआप खाली आला, अन् ते दोन रुपये तिनं माह्या तळहातावर दाबले. तिचा हात थंडगार होता. मी मूठ मिटली.

मले वाटलं होतं, छाती फुगन. घरी जाऊन पोराले सांगीन. पन मूठ मिटली अन् पाटील म्हने, "घेतले ना पैसे? आता जबाबदारी तुही. काई कमीजास्त झालं तं याद राखजो, तुह्या वस्तीचं एक बी खोपडं उभं ठेवनार नाई."

बाप्पा! तीस सालात कोनी मले असं म्हनलं नोतं. लेकरू मेलं तं म्हनत, देवाची मर्जी. बाई मेली तं म्हनत, तिचं भरलं होतं. मले कोनी शिवी बी देत नोतं, का मी काई कामाची मानूसच नोती तठी. आता मी दोन रुपये घेतले, अन् एका जीवाचं वझं माह्या डोक्शावर आलं. प्रेमदासले हे मालूम होतं का? त्याले तं वाटत होतं, पैसा म्हनजे मान. त्या मानासंग काय येते ते त्याले कोनं सांगावं?

पदराले रुपये बांधले अन् आत गेली. खोलीत धूर, तेलाचा वास, कोकिळा घामानं निथळून गेलती. मले पाह्यलं अन् हात धरला. "मावशी, मले मराचं नाई."

"कोन मरते वं? गप राह्य," म्हनलं. पोटावर हात ठेवला, चाचपलं. डोक्शाची गोल गाठ खाली पायजे, ती एका कुशीले लागली. दुसऱ्या कुशीले ढुंगन. खाली काईच नाई. लेकरू आडवं.

हे मी अगुदर पाह्यलं होतं. ह्याच खोलीत, ह्याच बाजीवर. अकरा साल झाले. पाटलाची पोरगी गुलाब बाळंतपनाले माहेरी आलती, तिचं असंच आडवं होतं. दोन दिवस ती तळमळली अन् तिसऱ्या दिवशी गेली, पोटातल्या लेकरासकट. त्या वक्ती मी तेल चोळलं, कोंबडीचं अंडं ओवाळलं, "होईन, होईन" म्हनत राह्यली. मले अर्धं सूप जवारी भेटली होती.

आता काय करू? माह्या हातानं हे लेकरू फिरनार नोतं. पान्याची पिशवी फुटली नोती, म्हनजे अजून थोडा टाइम होता. गप राहू का? तेल चोळू, "होईन" म्हनू? पन मेली तं आता कोनी देवाची मर्जी म्हननार नाई. म्हनतीन, पैसे घेतले अन् मारली. अन् बोलली तं? सुईनीनं पाटलाले अक्कल शिकवावी? अन् दवाखान्यात नेऊन मेली तं पुन्हा माह्यावरच. चहूकून कोंडली होती मी. पदराची गाठ मांडीले लागून राह्यली होती, अन् दर वक्ती मले वाटे, हे कायचे घेतले तू, जिजे? तेल चोळाचे का?

मी उठली. दार उघडलं अन् सरळ आंगनात, मानसाइच्या समोर जाऊन उभी राह्यली. उभ्या जन्मात अशी उभी राह्यली नोती.

"पाटील, बंडी जुंपा. लेकरू आडवं हाय. माह्या हातून होनार नाई. पुलगावच्या डाक्टरीनबाईपाशी न्या लागते."

"आमच्या घरची बाई दवाखान्यात उघडी पडत नसते," पाटील म्हने. "पैसे घेतले ना? मंग काम कर आपलं."

"पैसे घेतले म्हनूनच सांगून राह्यली," मी म्हनलं. "हेच माह्यं काम हाय. अठी ठेवली तं उद्यापर्यंत दोन्ही जातीन. मंग वस्ती जाळा का मले जाळा, पोट्टी काई परत येनार नाई."

नवरा बापाच्या तोंडाकडं पाहे, बाप जमिनीकडं. दारात रुख्माबाई उभी होती. ती पदर तोंडाले लावून एवढंच म्हनली, "गुलाब."

पाटलानं तिच्याकडं पाह्यलं. मंग म्हने, "डोमाजी, बैल काढ."

तो रस्ता मी जन्मभर भुलनार नाई. बंडीत गादी टाकली, कोकिळाचं डोक्शं माह्या मांडीवर, समोर रुख्माबाई. पाटील अन् नवरा मागून घोड्यावर. दर गचक्याले पोट्टी वरडे अन् माह्या तोंडून निंगे, "हळू रे डोमाजी," अन् लगेच, "अरे हाक ना रे जल्दी!" तो बिचारा चिडला. "एक काईतरी सांग ना बाई," म्हने. रोहण्याच्या टेशनावर लहानी गाडी उभीच होती, शिट्टी मारून राह्यली होती. चौघाइनं तिले गादीसकट उचलून डब्यात टाकली. गाडी अशी चालली का मानूस उतरून पुढं पायी जाईन. इरूळ आलं, सोरटा आलं. सोरट्याले पिशवी फुटली. मी पान्याचा रंग पाह्यला, हिरवट, म्हनजे लेकरू आत गुदमरून राह्यलं होतं, अन् तोंड खिडकीकडं केलं. मले गावाकून धूर दिसन असं वाटून राह्यलं होतं. प्रेमदास घरात एकटाच होता.

पुलगावले डाक्टरीनबाईनं तपासलं. "पंचवीस रुपये होतील," ती म्हनली. पाटलानं नोटा काढल्या, वाकून, दोन्ही हातानं तिच्या हातात ठेवल्या. भाव केला नाई. खोटं काऊन सांगू, त्या घोरातही माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी दोन रुपयासाठी मले मरनाले उभं केलं होतं ह्याच मानसानं!

दार बंद झालं. आमी ओसरीवर बसलो. आत कायचाच आवाज नाई. वरडनं बंद झालं तेच जास्त भेव लावत होतं. रुख्माबाई एका खांबाले टेकली, मी दुसऱ्या. मी मनात बुद्धाचं नाव घेत होती, अन् सवयीनं मरीमायचं बी निंगून जाये. दिवस कलला तवा आतून लेकराचं रडू आयकू आलं. बारीक, चिरकं. मले पयले खरंच वाटलं नाई.

डाक्टरीनबाई हात पुसत बाहेर आली. "दवा हुंगवून लेकरू फिरवून काढलं. मुलगी आहे. आई पण ठीक आहे. आणखी दोन तास घरी ठेवली असती तर दोघी गेल्या असत्या. आडवं आहे हे ओळखलं कोणी?"

"आमच्या सुईनीनं," रुख्माबाई म्हनली.

"हुशार आहे," बाई म्हनली अन् आत गेली. पाटील अन् नवरा तिच्या मागं गेले. मी रडली. हो, हमसून हमसून रडली. वाटलं, वाचली एकदाची, वस्ती बी वाचली.

रुख्माबाई मात्र हालली नाई. बऱ्याच वेळानं ती सरकत माह्या खांबापाशी आली. आवाज अगदी हळू होता.

"जिजे, एक इचारतो. खरं सांगजो. गुलाबच्या वक्ती तुले समजलं होतं?"

माह्ये डोये तठीच सुकले. नाई म्हननं सोपं होतं. अडानी सुईन, तिले काय समजते, कोनी बी मानलं असतं. हो म्हनलं तं ही बाई आता उठन, नवऱ्याले सांगन, अन् जे सकाळी टळलं ते रात्रीपर्यंत वस्तीवर येईन. पन तिनं माह्या तोंडावरची नजर काढली नाई.

"हाव," मी म्हनलं. "पयल्याच दिवशी समजलं होतं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"कोनी इचारलंच नाई, पाटलीनबाई. अन् मले भेव वाटलं."

"आज नाई वाटलं?"

"आज जास्त वाटलं. पन आज मी पैसे घेतलते."

तिचा हात कमरेच्या पिशवीवर गेला. मंग म्हनली, "दोनच रुपये वं, जिजे. दोन रुपये तं त्या वक्ती बी होते माह्या पिशवीत. तू मांगतले काऊन नाई?"

माय वं! जिभेवर आलं होतं का त्या वक्ती मांगतले असते तं तुमी मले झाडाले बांधलं असतं. सारं बोलाले तोंड उघडलं बी. पन समोर एका मेलेल्या पोरीची माय बसली होती. मी खाली पाह्यलं.

"चुकलं माह्यं, माय," म्हनलं.

अन् आता तुमाले सांगतो, मी ते तिले बरं वाटावं म्हनून नोतं म्हनलं.