फौजदाराचं घोरणं

फौजदाराला परदेशी न्यायचं ठरलं, तेव्हा तीन विमान कंपन्यांनी आम्हाला सरळ वाटेला लावलं. फौजदार म्हणजे आमचा पग. चपटं नाक, बाहेर आलेले डोळे, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाची जबानी घेतल्यासारखं हुंगत फुरफुरणं, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. चौथ्या कंपनीतल्या बाईनं मला नीट समजावलं. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात आम्ही घेतच नाही, वाटेत श्वास अडकतो. थंडीत न्या, मालवाहू विभागातून न्या, पिंजरा एक नंबर मोठा घ्या आणि महिनाभर आधीपासून त्याला त्यात झोपायची सवय लावा. मी म्हटलं, "बाई, एवढी तयारी मी माझ्या आईचीसुद्धा केलेली नाही." ती हसली नाही.

खरं तर कुत्रं बरोबर न्यायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. मला परदेशातल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझरची नोकरी आधीच लागली होती. बाबा एका दुपारी झोपेतच गेले, त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. मी बिनलग्नाचा, चाळिशी ओलांडलेला एकुलता एक. आईला मागं ठेवणं शक्य नव्हतं, आणि आई कुत्र्याशिवाय हलायला तयार नव्हती. सगळे कागद तिनं हट्टानं स्वतःच्या नावावर केले. लस, रक्ततपासणी, मानेतली चिप, परवाना, सगळीकडे मालक म्हणून तिची सही. बाबा होते तोवर हीच बाई "त्या ध्यानाला माझ्या अंथरुणावर चढू देऊ नका" म्हणून घर डोक्यावर घ्यायची. आता पिंजऱ्यात अंथरायला तिनं बाबांचे दोन बनियन काढून दिले. मी ते अंथरले, कारण तेवढ्यासाठी भांडण काढणं मला जिवावर आलं होतं.

फौजदार सुखरूप पोचला. घर लावायच्या आधी मी त्याची व्यवस्था लावली, कारण इथलं ऊन म्हणजे थट्टा नव्हे. थंडी सरली की सकाळी आठलाच रस्ता तापतो. हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघायची, पाच मोजायच्या आत हात उचलावा लागला की कुत्र्याला परत फिरवायचं. आम्ही उजाडायच्या आधी फिरून यायचो. गळ्यातला पट्टा काढून मी त्याला छातीवरून बांधायचा पट्टा आणला, तीन ठिकाणी पाण्याची भांडी ठेवली, न्हाणीघराबाहेरच्या गार फरशीवर ओला टॉवेल अंथरला. एसी दिवसभर चोवीसवर. हॉलमध्ये थर्मामीटर टांगून त्याखाली मी कागद लावला आणि सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायला लागलो. कामावर मी दिवसभर तेच करतो. अंगात जाड जाकीट, पायात गमबूट, उणे अठराच्या खोल्यांतून फिरायचं, प्रत्येक दाराशी आकडा लिहायचा आणि कॉम्प्रेसरचा आवाज बदलला तर कान टवकारायचे.

"तुझं कोल्ड स्टोरेज घरी आणू नकोस," आई म्हणायची. "मी काय मटार आहे का?"

एकूण बरं चाललं होतं. मग मी फौजदाराला तपासायला नेलं, आणि तिथं माशी शिंकली.

जनावरांची डॉक्टर तरुण होती आणि स्पष्टवक्ती होती. तिनं त्याच्या नाकात बॅटरी मारून बघितलं, घशात बघितलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "ह्याच्या नाकपुड्या म्हणजे नुसत्या फटी आहेत," ती म्हणाली. "आणि टाळूचा मागचा भाग लांब आहे, तो श्वासाच्या वाटेत लोंबतोय. हे घोरणं तुम्हाला गोड वाटत असेल, पण ते गुदमरणं आहे. खरा उन्हाळा अजून दोन महिन्यांनी सुरू होईल. त्याच्या आत ऑपरेशन करून घ्या."

"त्यानंतर घोरणार नाही?" आईनं विचारलं.

"जवळजवळ नाहीच. शांत झोपेल."

"मग नको," आई म्हणाली आणि त्याला काखोटीला मारून बाहेर जाऊन उभी राहिली.

त्यानंतर महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. ती म्हणायची, म्हातारा आहे तो, कापाकापी नको. मी म्हणायचो, सात वर्षांचा आहे, तुझ्यापेक्षा जोरात जिने चढायचा, आता दोन पायऱ्यांत बसतो. ती म्हणायची, बसू दे, घाई कुणाला आहे. मी तापट माणूस आहे. दोनदा मी ताटावरून उठलो. मला वाटायचं, आईला नवा देश मानवला नाही आणि ती त्याचं उट्टं माझ्यावर काढतेय.

एका दुपारी कामावरची आमची एक थंड खोली दुरुस्तीला काढली म्हणून मला एक वाजताच सोडलं. मी किल्लीनं दार उघडलं. हॉलमध्ये वाकून बूट काढत होतो, तेव्हा आईच्या खोलीतून घोरणं ऐकू आलं. खालून उचललेलं, वर जाऊन अडखळणारं. बाबा झोपलेत, असं मला वाटलं. मी विचार केला नाही, नुसतं वाटलं. आणि मी बूट हातात धरून हळूच फरशीवर ठेवले, कारण दुपारी बाबांची झोप मोडली की संध्याकाळपर्यंत त्यांची धुसफूस चालायची. दुसरा बूट ठेवता ठेवता मला भान आलं. मी तसाच वाकलेला राहिलो.

तेवढ्यात घोरणं थांबलं. एसीची घरघर तेवढी उरली. मी वाट बघत होतो, कशाची ते मला सांगता येणार नाही.

"अहो," आतून आईचा आवाज आला, झोपाळू, जरा वैतागलेला. "कूस बदला."

काहीतरी हललं, एक हुंदक्यासारखा श्वास आत ओढला गेला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

मला खरोखर भीती वाटली. स्वतःच्या आईच्या खोलीत डोकावायला मला धीर गोळा करावा लागला. ती पलंगाच्या डाव्या बाजूला होती, जन्मभर झोपली तशी. उजव्या बाजूला, बाबांच्या उशीवर, छातीपर्यंत चादर घेतलेला फौजदार. आईचे डोळे उघडे होते. तिनं मला बघितलं, पण ती ओशाळली नाही.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

चहा पिताना मी विचारलंच. मला वाटलं होतं ती उडवून लावेल. तिनं कप दोन्ही हातांत धरला आणि सांगायला लागली.

"ह्यांचा श्वास झोपेत थांबायचा. तुला काय माहीत, तू पलीकडच्या खोलीत. पंचेचाळीस वर्षं मी मोजत आले. दहा मोजायचे, कोपर मारायचं, म्हणायचं कूस बदला. की झालं सुरू. झोपेतसुद्धा मोजायचे मी."

"मग?"

"तुझ्या नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी आम्ही कडाडून भांडलो. तू दोघांनाही चला म्हणालास. मला यायचं होतं. हे म्हणाले, मी मेलो तरी येणार नाही. जेवून आडवे झाले, लगेच घोरायला लागले. मला इतका राग आला, इथं माझा जीव जळतोय आणि हे घोरतायत. मग थांबले. मी मोजले दहा. म्हटलं, आज नाही उठवणार. एक दिवस स्वतःचं स्वतः बघू दे. वीस झाले, तीस झाले. चाळीसपर्यंत मोजलं मी. मग म्हटलं, चला, आज शांत झोप लागली. उठले आणि चहा टाकायला गेले."

फौजदार आतून आला आणि तिच्या पायांवर बसला.

"आई, हार्ट अटॅक होता. डॉक्टरनं लिहून दिलंय. तू उठवलं असतंस तरी काही झालं नसतं."

"असेल," ती म्हणाली. "पण ह्याचं थांबतं, मी हलवते, परत सुरू होतं. रोज चार-पाच वेळा. तेवढ्यापुरतं मला बरं वाटतं रे. आणि तू म्हणतोस, ते बंद करू."

पत्र माझं होतं, चला असं मीच म्हटलं होतं. त्यानंतर मी ऑपरेशनचं नाव काढलं नाही, आणि तिथं मी चुकलो. एखाद्या दुपारी लवकर सुटलो तर घरी न जाता गाडीत बसून राहायचो. कामावर कॉम्प्रेसर बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत मध्ये काही क्षण जातात, रोजचंच असतं ते. मी आता तिथं उभा राहून आकडे मोजायला लागलो होतो. हाताखालच्या माणसानं एकदा विचारलंसुद्धा, साहेब, काय पुटपुटताय.

पुढच्याच महिन्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, आमच्या सबंध इमारतीची वीज गेली. बाराला आईचा फोन आला. मी अंगातलं जाड जाकीट न काढताच गाडी काढली. घरातला थर्मामीटर छत्तीस दाखवत होता. आईनं मी शिकवलं होतं तसं सगळं केलं होतं. पोटावर पाणी, पंजांवर पाणी, वहीनं वारा. बर्फ लावायचा नसतो, तो लावला नव्हता. फौजदार चारी पाय पसरून पडला होता, जीभ जांभळी पडली होती आणि घशातून करवतीसारखा आवाज येत होता. गाडीतला एसी पूर्ण सोडून आम्ही निघालो. आई मागं त्याला मांडीवर घेऊन बसली होती.

दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला. अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आली. "तात्पुरता सावरलाय," ती म्हणाली. "पण घसा सुजलाय. आज झोपवून नळी घातली आहे, तेवढ्यात ऑपरेशन करून टाकते. नाहीतर नळी काढल्यावर तो श्वास घेईल ह्याची मी खात्री देत नाही. मालकाची सही लागेल."

कागद आईसमोर ठेवला. तिनं पेन घेतलं आणि काचेतून आत बघत राहिली. आत फौजदार नळीतून श्वास घेत होता, एकसारखा, आवाज न करता. एक मिनिट गेलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागली.

"आई," मी म्हटलं, "ह्या वेळी चाळीसपर्यंत मोजत बसू नकोस."

असं बोलायला नको होतं. बोललो त्या क्षणीच मला माझी लाज वाटली. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. सही केली, पेन टोपण लावून परत दिलं आणि खुर्चीवर जाऊन बसली.

फौजदार चार दिवसांनी घरी आला. नाकपुड्या रुंद झाल्या होत्या, त्यामुळे तोंडावर कायमचं आश्चर्य आलं होतं. पंधरवड्यात तो जिने चढायला लागला. सोफ्यावर उडी मारायला लागला, आणि माझे बूट पळवायला लागला, जे त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं. मला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला सांगू. फक्त तो झोपला की आवाज येत नव्हता. तोंड मिटून, पोट वरखाली करत पडलेला असायचा. दुपारी घर इतकं गप्प व्हायचं की भांड्यावर भांडं ठेवायलासुद्धा मला संकोच वाटायचा. बाबा माझ्यापुरते खरे गेले ते त्या पंधरा दिवसांत.

आई माझ्यावर रागावली नाही. तिनं पलंगाच्या उजव्या बाजूची उशी कपाटात ठेवली. पण ती दुपारी झोपेनाशी झाली. जेवणं झाली की हॉलमध्ये खुर्ची घेऊन बसायची, मान किंचित एका बाजूला करून. मी विचारलं की म्हणायची, काही नाही, झोप येत नाही.

माझ्या सुट्टीच्या दिवशी जेवून मी सोफ्यावर पेपर वाचत लवंडलो आणि माझा डोळा लागला. कुणीतरी बरगडीत ढोसल्यामुळे मी दचकून जागा झालो. तोंड कोरडं पडलं होतं, छाती धडधडत होती. आई खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसली होती. फौजदार तिच्या पायाशी जागाच होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. झोप तू."

"घोरत होतो का मी?"

"घोरत होतास," ती म्हणाली. "मग थांबलास."

तिचा हात अजून माझ्या बरगडीवर होता. किती मोजलेस, असं मी विचारलं नाही. मला पुन्हा झोप येणं शक्यच नव्हतं. पण ती उठेना, तेव्हा मी कूस बदलली, डोळे मिटले आणि तिला ऐकू जाईल इतक्या जोरानं श्वास घेत पडून राहिलो.