डावा अमृततुल्य

विनयने गाडीच्या बॉनेटवर फॉर्म पसरला आणि तो उडू नये म्हणून त्यावर प्रल्हादचाच चहाचा थर्मास ठेवला. नऊ नावं लिहून झाली होती. क्वार्टरबॅकची, म्हणजे बॉल फेकणाऱ्याची, जागा तेवढी कोरी होती.

"पल्या, टीमचं म्हणणं आहे, या सीझनला बॉल त्या इथेच वाढलेल्या पोराने, जयने फेकावा."

प्रल्हाद बुटाची नाडी बांधत होता.

"टीमचं झालं. तुझं काय?"

विनयने थर्मास फॉर्मवर नीट सरकवला. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यांदा बोलला होता तोच.

चौदा वर्षांपूर्वी दोघं व्हिसावर टेक्सासमधल्या फ्रिस्कोत आले तेव्हा सहा जणांत एक फ्लॅट आणि एक कुकर होता. 'कोथरूड काउबॉइज' ही टीम प्रल्हादने त्याच फ्लॅटमध्ये काढली. खेळ कसला, तर कमरेच्या पट्ट्या ओढायचा रविवारचा फ्लॅग फुटबॉल; पण रुबाब विचारू नका! समोरच्यांना कळू नयेत म्हणून डावांची नावं मराठी. 'डावा अमृततुल्य' म्हणजे विनयने सुसाट पळायचं आणि कॉलेजसमोर चहाला वळायचे तसं डाव्या कोपऱ्याला वळायचं. प्रल्हाद न बघता बॉल फेकायचा आणि विनय तिथे हजर! त्या दिवसांच्या आठवणीने विनयला अजून गलबलून येई.

मागच्या सीझनला मात्र हाच डाव नऊ वेळा गवतात गेला. पल्याचा हात गेला, असं सगळे म्हणाले.

"शेवटचे तीन टाकतो," प्रल्हाद उठत म्हणाला. "मग खुशाल लिही जयचं नाव. चल, डावा अमृततुल्य!"

विनय पळाला. बॉल त्याच्या पुढे पडला. दुसराही पुढेच. तिसऱ्याला तर त्याच्या छातीचा भाता झाला, तरी बॉल गेला तो गेलाच. धापा टाकत तो बॉल गोळा करायला गेला आणि थबकला. तिन्ही बॉल एकाच स्प्रिंकलरजवळ, हाताने मांडून ठेवावेत तसे पडले होते. मॅचमध्ये बॉल एकच असतो. हे कधी दिसलंच नव्हतं.

तो सावकाश परत आला.

"तुझा हात ठणठणीत आहे. माझे पाय गेलेत."

प्रल्हादने त्याच्या हातातले बॉल काढून घेतले.

"तुला माहीत होतं?"

"मागच्या वर्षीपासून."

"मग चार पावलं अलीकडे टाकायचास ना, गाढवा! वर्षभर उगाच शिव्या खाल्ल्यास."

प्रल्हादने थर्मास उचलला, झाकणात चहा ओतून त्याच्यापुढे धरला.

"अलीकडे टाकला असता, तर तुला कळलं असतं."

फॉर्म फडफडायला लागला. विनयने तो तळव्याने दाबून धरला. कोऱ्या जागेत त्याने प्रल्हादचं नाव लिहिलं. मग झेलणाऱ्यांच्या यादीतलं पहिलं नाव, स्वतःचं, खोडून तिथे जयचं लिहिलं आणि जयला फोन लावला.

"जय, म्हण बघू, अमृततुल्य."

"अमृत व्हॉट, काका?"

विनयने चहाचा घोट गिळला.

"चहाचं दुकान रे. डाव्या हाताला. ये ग्राउंडवर, दाखवतो."